ऋतू का होतात? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

मी यावल तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मेअखेरची शून्य सावली (भर दुपारी उभ्या वस्तूची सावलीच दिसत नाही तो दिवस), डिसेंबरातली थंडी आणि संक्रांत, या तीन वेळी माझ्या फोनवर तेच ते प्रश्न येतात. विचारणारे विद्यार्थी असतात, त्यांचे आईवडील असतात, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात आणि केळीवाले शेतकरीही. प्रत्येकाला निराळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. आकडे जळगावचे, म्हणजे २१ उत्तर अक्षांशाचे आहेत. भुसावळ, अमळनेर, धुळे यांना तेच चालतील. नंदुरबार, शहादा थोडे उत्तरेला असल्याने तिथे तारखा दोन-तीन दिवसांनी हलतात.

१. पृथ्वी सूर्याच्या जवळ येते तेव्हा उन्हाळा आणि लांब जाते तेव्हा हिवाळा, बरोबर ना?

नाही. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि विचारणाऱ्यांत शिक्षकही असतात. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ३-४ जानेवारीच्या सुमारास. तेव्हा अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. सर्वांत लांब जाते ४-५ जुलैच्या सुमारास, तेव्हा ते १५ कोटी २१ लाख होतं. म्हणजे आपण शेकोटीभोवती बसून हात शेकत असतो, तेव्हाच सूर्य जवळ असतो.

या गैरसमजाचा दोष बऱ्याच अंशी चित्रांचा आहे. पुस्तकात कक्षा अंड्यासारखी लांबट काढलेली असते, कारण कागदावर ती तिरकी बघितल्यासारखी दाखवतात. प्रमाणात काढायची तर १० सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि सूर्याचा ठिपका मध्यापासून जेमतेम १.७ मिलिमीटर बाजूला द्या. ते वर्तुळ नाही हे डोळ्याला कळणारसुद्धा नाही. अंतराच्या फरकामुळे जानेवारीत जुलैपेक्षा सुमारे ७ टक्के जास्त ऊन पृथ्वीला मिळतं, हे खरं. पण दुसरी गोष्ट त्यावर सहज मात करते. ती पुढच्या उत्तरात.

२. मग ऋतू होतात तरी कशाने?

पृथ्वीचा अक्ष तिच्या कक्षेला सरळ उभा नाही, २३.४ अंशांनी कललेला आहे, त्यामुळे. या कलामुळे आपल्या गावाच्या बाबतीत वर्षभरात दोन गोष्टी बदलतात: दुपारचा सूर्य किती उंच चढतो आणि दिवस किती तासांचा होतो.

पहिली गोष्ट अंधाऱ्या खोलीत बॅटरीने बघा. बॅटरी जमिनीवर सरळ रोखली तर गोल, लख्ख उजेड पडतो. तीच तिरकी केली की उजेड लांबट पसरतो आणि फिका होतो. सेल तेच, उजेडही तेवढाच, फक्त तो जास्त जागेवर वाटला गेला. जळगावात २१ जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून ८७.६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. २१-२२ डिसेंबरला तो ४५.६ अंशांपर्यंतच चढतो. त्या दुपारी त्याच वावराला जूनच्या दुपारच्या सुमारे ७१ टक्केच ऊन मिळतं.

दुसरी गोष्ट तासांची. जूनच्या अखेरच्या आठवड्यात आपल्याकडे दिवस साधारण १३ तास २५ मिनिटांचा असतो, डिसेंबरात १० तास ५० मिनिटांचा. कमी तीव्र ऊन, तेही अडीच तास कमी. दोन्ही मिळून डिसेंबरातल्या दिवसाला जूनच्या दिवसाच्या ६० ते ६५ टक्केच सूर्यशक्ती येते, आणि यात जानेवारीच्या जवळिकीचा फायदा धरलेला आहे. फाल्गुन-चैत्रात खाटेवर घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) दुपारपर्यंत खडखडीत होतात. तेच मार्गशीर्षात घालून बघा. आजीला अक्षाचा कल माहीत नसतो, पण बिबडे कधी घालायचे हे पक्कं माहीत असतं.

३. अक्ष कललेला आहे म्हणजे पृथ्वी सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे झुकते का?

नाही, ती मान डोलावत नाही. अक्ष वर्षभर आकाशातल्या एकाच दिशेला रोखलेला असतो, ध्रुवताऱ्याच्या अगदी जवळ. बदलते ती पृथ्वीची सूर्याभोवतालची जागा. म्हणून जूनमध्ये उत्तरेचं टोक सूर्याच्या बाजूला येतं आणि डिसेंबरात पाठ फिरवल्यासारखं होतं.

वर्गात मी हे असं करतो. मध्यभागी बादली उलटी ठेवायची, तोच सूर्य. एका पोराने छत्री तिरकी धरून, तिचं टोक कायम सातपुड्याकडे ठेवून बादलीभोवती चक्कर मारायची. स्वतः गोल वळायचं नाही, छत्री फिरवायची नाही. अर्ध्या फेरीत टोक बादलीकडे झुकलेलं दिसतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत उलटीकडे. पोरांची चूक हमखास एकच होते: टोक सतत बादलीकडे ठेवतात. तसं असतं तर आपल्याकडे कायमचा उन्हाळाच राहिला असता.

खात्री करायची तर जळगावातून कोणत्याही महिन्यात ध्रुवतारा बघा. उत्तरेच्या क्षितिजापासून २१ अंश वर, हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढ्या उंचीवर तो असतो. उन्हाळा असो की हिवाळा, जागा तीच. हजारो वर्षांच्या हिशेबात मात्र अक्षाची दिशा बदलते. त्यासाठी प्रश्न १३ पाहा.

४. कललेल्या बाजूचा गोलार्ध सूर्याच्या जवळ जातो, म्हणून तिकडे जास्त तापतं ना?

हा पहिल्याच प्रश्नाचा धाकटा भाऊ. आख्ख्या पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर आणि सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. कलामुळे पडणारा अंतराचा फरक काही हजार किलोमीटरचा, म्हणजे नगण्य. परिणाम होतो तो उन्हाच्या तिरकेपणाचा आणि दिवसाच्या लांबीचा.

५. हे घरच्या घरी तपासता येईल का? की वेधशाळाच पाहिजे?

एक मीटरची सरळ काठी, ओळंबा आणि ऊन पडणारं सपाट अंगण, एवढं पुरे. जुन्या ज्योतिषग्रंथांतला शंकू म्हणजे हीच काठी. ओळंब्याने ती सरळ उभी करा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. जळगावात २१ डिसेंबरच्या सुमारास ती ९८ सेंटिमीटर भरते, म्हणजे भर दुपारी माणसाची सावली जवळपास त्याच्या उंचीएवढी पडते. २१ मार्चला आणि २३ सप्टेंबरला ३८ सेंटिमीटर. २१ जूनला अवघी ४ सेंटिमीटर, आणि तीही उलट्या बाजूला, म्हणजे दक्षिणेकडे पडलेली. (का, ते प्रश्न ६ मध्ये.)

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी मेच्या सुट्टीत गल्लीतल्या पंधरा-वीस पोरांना मी शून्य सावली बघायला घड्याळात बरोबर बाराला उन्हात उभं केलं. वीतभर सळईला दोन सेंटिमीटर सावली, आणि ती काही जाईना. पोरं हसली, एकाची आई त्याला घरी घेऊन गेली, मीही निमूटपणे सळई उचलली. सव्वाबाराला सगळे पांगले, आणि खरी शून्य सावली पडली बारा पंचवीसला, रिकाम्या अंगणात. चूक सरळ होती. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि जळगाव ७५.६ अंशांवर. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपली दुपार घड्याळापेक्षा साधारण २८ मिनिटं मागे. नंदुरबारला ३३ मिनिटं. शिवाय तारखेनुसार ही वेळ मागेपुढे होते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला जळगावची खरी दुपार १२ वाजून ११ मिनिटांच्या आसपास, तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२ वाजून ४२ मिनिटांच्या आसपास असते. म्हणून पावणेबारापासून पावणेएकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करत राहा. सर्वांत आखूड सावली आपोआप सापडते, आणि तिची रेघ बरोबर उत्तर-दक्षिण असते.

काठीही नको असेल तर रोज एकाच जागेवरून सूर्योदय बघा. जूनमध्ये सूर्य ठीक पूर्वेपासून २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरात २५ अंश दक्षिणेला. लांब धरलेल्या हाताच्या पाच मुठी भरतील एवढा तो वर्षभरात क्षितिजावर सरकतो.

६. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे कधी असतो? वर्षातून एकदा की दोनदा?

दोनदा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या भारतातल्या सगळ्या गावांना तो दोनदा मिळतो, एकदा सूर्य उत्तरेकडे जाताना आणि एकदा परतताना. जळगाव, धुळे, भुसावळ या पट्ट्यात पहिला २५ मेच्या आसपास आणि दुसरा १८ जुलैच्या आसपास. नंदुरबारला पहिला दोन-तीन दिवस उशिरा, दुसरा तेवढाच लवकर. जुलैतला बहुधा ढगात जातो, त्यामुळे सगळा भरवसा मेवर. स्टीलचा पेला उपडा ठेवा. त्या मिनिटाला त्याच्या भोवती सावलीची कडसुद्धा दिसत नाही.

या दोन तारखांच्या मधले जवळपास आठ आठवडे दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणून त्या दिवसांत दक्षिणमुखी ओट्यावर दुपारी ऊन येत नाही, आणि डिसेंबरात तेच ऊन उंबरा ओलांडून मधल्या घरापर्यंत पोचतं.

भुसावळच्या एका वाचकाने विचारलं होतं की काबागृहावरही सूर्य असाच येतो का. येतो, आणि जवळपास नंदुरबारच्याच तारखांना, कारण मक्काही २१.४ उत्तर अक्षांशावर आहे. २८ मेच्या आसपास, भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काब्याच्या माथ्यावर असतो. त्या क्षणी खान्देशातल्या कोणत्याही अंगणात उभ्या काठीची सावली बघा. सावलीच्या उलटी दिशा, म्हणजे सूर्याची दिशा, तीच किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा. होकायंत्र लागत नाही.

७. २१ जूनला सूर्य सगळ्यात जास्त देतो म्हणता, मग भुसावळ मे महिन्यातच का भाजून काढतं?

शाब्बास, हा खरा प्रश्न. याची दोन कारणं आहेत.

एक तर सूर्य जूनमध्ये अचानक वाढत नाही. २१ जून जवळ येतो तशी त्याची उत्तरेकडची चाल मंदावते. १ मेलाच जळगावच्या आकाशात दिवसभराची सूर्यशक्ती २१ जूनच्या तुलनेत फक्त दोन-तीन टक्के कमी असते. म्हणजे मेच्या सुरुवातीपासूनच भट्टी पूर्ण पेटलेली असते.

दुसरं कारण ढगांचं. जूनच्या मध्याला पाऊस येतो. ढग ऊन परत पाठवतात. जमीन ओली झाली की येणारी उष्णता पाणी वाफवण्यात खर्च होते, हवा तापवण्यात नाही. मेमध्ये काळी जमीन कोरडी, भेगाळलेली असते, वावरात कपाशीच्या काड्याही उरलेल्या नसतात. सगळी उष्णता थेट हवेला जाते आणि पारा ४५ च्या पुढे सरकतो. पावसाने ओढ दिली तर जूनचा दुसरा आठवडाही मेसारखाच जातो. हे सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

जिथे असा पावसाचा पडदा पडत नाही, तिथे उलटं होतं. युरोपात सर्वांत गरम दिवस २१ जूननंतर महिनाभराने येतात, कारण जमीन आणि समुद्र तापायला वेळ घेतात. दिवसातही तसंच आहे: ऊन साडेबाराला सर्वांत तीव्र असतं, पण अंगाची लाही होते ती दोन-तीनच्या सुमारास. आपला हिवाळा या नियमाने चालतो. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, पण थंडी जानेवारीतही मागे हटत नाही.

८. अक्षांश एकच असेल तर सगळीकडे सारखाच उन्हाळा पाहिजे. मग सुरत, जळगाव आणि नागपूर वेगवेगळे का?

सुरत, जळगाव आणि नागपूर तिन्ही २१ अंशांच्या आसपास आहेत. म्हणून तिघांना सूर्याकडून सारखाच वाटा मिळतो. त्या वाट्याचं पुढे काय होतं हे जमीन, पाणी आणि वारा ठरवतात. सुरतेला समुद्र लागून आहे. पाणी सावकाश तापतं, सावकाश निवतं, त्यामुळे तिथे ना जळगावचा मे, ना जळगावचा जानेवारी. आपण तापीच्या सखल खोऱ्यात बसलोय: भुसावळ समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरच्या आसपास, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. उन्हाळ्यात वायव्येकडून कोरडा वारा येतो. नाशिक आपल्यापेक्षा एक अंश दक्षिणेला, म्हणजे हिशेबाने थोडं जास्त गरम असायला हवं, पण ते ६०० मीटर उंच आहे म्हणून सुखी. आणि आपल्याच खान्देशात तोरणमाळ ११०० मीटरच्या वर आहे. सातपुड्यातल्या उंच पाड्यांवर कडाक्याच्या थंडीत पानांवरचं दव गोठतं, तेव्हा खाली शहाद्याला नुसता स्वेटर पुरतो.

जगात बघायचं तर मक्का, हनोई आणि होनोलुलू तिन्ही २१ अंशांवर आहेत. एक वाळवंट, एक भातशेतीचा प्रदेश, एक समुद्रातलं बेट. आकाश एकच, हवामान तीन.

९. पावसाळासुद्धा अक्षाच्या कलामुळेच होतो का?

मुळाशी तोच आहे, पण मध्ये बरीच यंत्रणा आहे. कलामुळे एप्रिलपासून सूर्य उत्तर गोलार्धावर सरळ येतो. आशियाची जमीन समुद्रापेक्षा झपाट्याने तापते, वायव्य भारतावर हवेचा दाब कमी होतो. विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टाही सूर्यामागे उत्तरेला सरकतो. दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून आत ओढले जातात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून अरबी समुद्राची वाफ घेऊन येतात. जमीन आणि समुद्राच्या तापण्यातल्या फरकाची कल्पना १६८६ साली एडमंड हॅलीने मांडली होती, तोच धूमकेतूवाला. ती पुढे बरीच सुधारली गेली, पण गाभा टिकला.

खान्देशाच्या वाट्याला यातलं उरलंसुरलं येतं. सह्याद्री आधी पाणी उतरवून घेतो. म्हणून घाटाला लागून असलेल्या नवापूरला चांगला पाऊस, आणि पूर्वेला जळगावला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन मध्य भारतावरून पश्चिमेकडे सरकला की तापीला, वाघूरला, गिरणेला खरं पाणी येतं. केरळात १ जूनला मान्सून पोचणं ही सरासरी तारीख आहे. पेरणीचा मुहूर्त तिच्यावर लावू नका.

१०. ऋतू नेमके किती? तीन, चार की सहा? परीक्षेत काय लिहू?

परीक्षेत प्रश्नात जे विचारलं असेल ते. सूर्याच्या हिशेबाने टप्पे चार: दोन विषुवदिन (मार्च आणि सप्टेंबरातले, दिवस-रात्र जवळपास सारखे) आणि दोन अयनदिन (जूनमधला सर्वांत मोठा आणि डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस). समशीतोष्ण देशांत हे चार टप्पे उघड दिसतात, म्हणून त्यांचे ऋतू चार. आपल्याकडे पाऊस मध्ये येऊन वर्षाचे तीन तुकडे करतो: उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. अहिराणीत उन्हाया, पावसाया, हिवाया. वसंत ते शिशिर हे सहा ऋतू याच वर्षाची बारीक विभागणी आहेत. आपली तथाकथित ऑक्टोबर हीट म्हणजे शरदच: ढग गेले, आकाश स्वच्छ झालं, जमिनीत ओल आहे, म्हणून उकाडा चिकट.

केळीवाल्यांचे ऋतू आणखी वेगळे. जून-जुलैत लावली ती मृगबाग, ऑक्टोबरच्या सुमाराला लावली ती कांदेबाग. माझ्या मते रावेर-यावलसाठी हीच विभागणी सर्वांत उपयोगाची आहे.

११. मुलगा मेलबर्नला आहे. तिकडे डिसेंबरात उन्हाळा कसा काय?

उत्तरेचं टोक सूर्यापासून दूर झुकलेलं असतं तेव्हा दक्षिणेचं सूर्याकडे असतं, इतकंच. पहाटे पाचला उठून, शाल पांघरून बॉक्सिंग डे कसोटी लावता ना? २६ डिसेंबरला तिकडचे प्रेक्षक टोप्या घालून, अंगाला क्रीम चोपडून बसलेले असतात. सूर्य जवळ-लांब असण्याने ऋतू झाले असते तर दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी उन्हाळा आला असता. प्रश्न १ चं याहून सोपं उत्तर मला माहीत नाही.

१२. अक्ष सरळ असता तर खान्देशात काय झालं असतं?

रोज बारा तासांचा दिवस, दुपारचा सूर्य कायम ६९ अंशांवर, बारा महिने मार्चचं ऊन. अंतरामुळे होणारा सात टक्क्यांचा चढउतार तेवढा राहिला असता, म्हणजे जानेवारी जुलैपेक्षा किंचित गरम. पावसाचा पट्टा विषुववृत्ताजवळच थांबला असता, त्यामुळे आजच्यासारखा मान्सून आला नसता. थंडी नाही म्हणजे भरिताची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं भरीत आणि कळण्याची भाकरी यांचा हंगामही नाही. असला खान्देश मला तरी नको.

१३. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं म्हणतात. मग ते २१ डिसेंबरला की १४ जानेवारीला?

डोळ्यांना दिसणारं उत्तरायण, म्हणजे दुपारची सावली आखूड व्हायला लागणं, २१-२२ डिसेंबरपासून. काठी रोवून बघा, संक्रांतीपर्यंत ती काही सेंटिमीटर कमी झालेली असेल. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि आपली पंचांगं रास मोजतात ताऱ्यांच्या चौकटीतून. या दोन गोष्टी एके काळी एकत्र होत्या. साधारण सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि अयनदिन जुळत असत.

त्या विभक्त झाल्या, कारण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश घुमतो, एका फेरीला जवळपास २६ हजार वर्षं. यालाच अयनचलन म्हणतात. त्यामुळे ऋतूंचं वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान पडतं, आणि साठत साठत ७१-७२ वर्षांत एक दिवस होतो. पुरावा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आज तीच संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते.

हे ज्ञान आपल्याकडेही जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत अयनचलनाचा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पाटणादेवीला दर्शनाला जाणाऱ्यांपैकी फार थोडे हे लक्षात ठेवून जातात. भारताचं राष्ट्रीय पंचांग मात्र ऋतूंना बांधलेलं आहे. शास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून ते लागू झालं, आणि त्याचा चैत्र विषुवदिनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. सरकारी कागदाच्या कोपऱ्यापलीकडे ते फारसं पोचलं नाही, हे वाईट झालं.

१४. २१ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, मग जानेवारीत सकाळी उजाडायला आणखी उशीर का होतो?

निरीक्षण अचूक आहे. जळगावात सूर्य सर्वांत लवकर मावळतो नोव्हेंबरच्या अखेरीस, आणि सर्वांत उशिरा उगवतो जानेवारीच्या मध्याला. सर्वांत लहान दिवस या दोहोंच्या मधला. कारण प्रश्न ५ मध्ये येऊन गेलं: खरी दुपार स्थिर नसते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती घड्याळात अर्ध्या तासाने पुढे सरकते. कक्षेतला पृथ्वीचा बदलता वेग आणि अक्षाचा कल, दोन्ही मिळून हे घडवतात. दिवसाचं मधलं टोकच पुढे सरकलं की सकाळही उशिरा आणि संध्याकाळही उशिरा. दिवस तिळातिळाने वाढतो खरा, पण डिसेंबर-जानेवारीत तो तीळ संध्याकाळच्या बाजूला पडतो.

१५. २१ मार्चला दिवस आणि रात्र अगदी समान असतात का?

जवळजवळ. हवेमुळे सूर्यकिरण वाकतात आणि सूर्याची कड दिसली की आपण सूर्योदय धरतो, त्यामुळे त्या तारखेला दिवस काही मिनिटांनी मोठाच असतो. आपल्याकडे खरी बरोबरी १५ मार्चच्या आणि २८ सप्टेंबरच्या आसपास होते.

१६. आखाजी (अक्षय्य तृतीया) कधी एप्रिलमध्ये येते, कधी मेमध्ये. ऋतू मागेपुढे होतात का?

ऋतू नाही, चंद्र. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षापेक्षा ११ दिवस लहान. म्हणून सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येत जातो. अक्षय्य तृतीया २०२४ साली १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. असाच सरकत राहिला तर झोके बांधायचे दिवस थंडीत गेले असते. म्हणून साधारण दर ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घालून हिशेब सावरतात. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्यामुळे २०२३ ची २२ एप्रिलची आखाजी पुढच्या वर्षी थेट १० मेवर गेली. सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं) वर्ष आखाजीला धरणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल की अशा दोन आखाज्यांच्या मधलं वर्ष तेरा महिन्यांचं भरतं. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

१७. मृग ७ जूनला लागतं. तो पावसाचा शास्त्रीय मुहूर्त समजायचा का?

सूर्य मृग नक्षत्रात येतो ७-८ जूनला, एवढंच त्याचं खगोल. ही खूण पिढ्यान्पिढ्या उपयोगी पडली, कारण मृग लागणं आणि मान्सून जवळ येणं साधारण एकाच सुमाराला होतं. पण नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली आणि पाऊस ऋतूंना. प्रश्न १३ मधली घसरण इथेही आहे. भास्कराचार्यांच्या काळी ऋतूंच्या हिशेबाने मृग आजच्यापेक्षा सुमारे १२ दिवस आधी लागत असे. त्यात मान्सून दरवर्षी मागेपुढे होतो तो वेगळाच. नक्षत्र लागलं म्हणून धूळपेरणी करणारा पाऊस पाडत नाही, दुबार पेरणीचा धोका पत्करतो. जमिनीत वीतभर ओल आहे का ते बघा.

१८. उत्तर गोलार्धाचा उन्हाळा हिवाळ्यापेक्षा मोठा असतो, हे खरं का?

हो. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत १८६ दिवस, तिथून परत मार्चपर्यंत १७९. जानेवारीत सूर्य जवळ असल्याने पृथ्वी भरभर पळते, जुलैत रेंगाळते. फेब्रुवारीचे २८ दिवस हे त्याचं कारण नाही, तसं बऱ्याच जणांना वाटतं.

१९. हल्ली थंडी उशिरा येते, मार्चमध्ये गारपीट होते. पृथ्वीचा अक्ष सरकला म्हणून का?

नाही. अक्षाचा कल २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान हलतो खरा, पण एका हेलकाव्याला सुमारे ४१ हजार वर्षं लागतात. तुमच्या-माझ्या आयुष्यात तो फरक काठीच्या सावलीत मोजता येणार नाही. दुसरी एक बातमी फिरत असते की जमिनीतलं पाणी उपसल्याने पृथ्वीचा अक्ष सरकला. ती खोटी नाही, पण तिचा अर्थ वेगळा आहे. पाण्याचं ओझं इकडचं तिकडे गेल्याने ध्रुवाची जमिनीवरची जागा वर्षाला काही सेंटिमीटरने हलते. यावल-रावेरच्या बोअरवेलही त्या उपशाच्या वाटेकरी आहेत. पण त्याने सूर्याकडचा कल बदलत नाही, ऋतूही नाही.

हंगामात जे बदल जाणवतात त्यांचं कारण हवेत शोधायला हवं: वातावरणात वाढलेला कार्बन डायऑक्साइड, तापलेला अरबी समुद्र, बदललेले वारे. सूर्य आपल्याला देतो तो वाटा तोच आहे. २१ डिसेंबरला काठी रोवा, सावली ९८ सेंटिमीटर भरेल. पुढच्या डिसेंबरातही तेवढीच.